तिमोर-लेस्तेत मदतीचा पैसा आला, पण चावी कोणाच्या हातात होती?

प्रश्न असा आहे: तिमोर-लेस्ते हा आग्नेय आशियातला जेमतेम १३ लाख वस्तीचा देश. १९९९ नंतर जगाने त्याला अब्जावधी डॉलर दिले. तरी २००६ मध्ये राजधानी पुन्हा पेटली, आणि आजही तिथली जवळपास निम्मी लहान मुलं कुपोषणाने खुरटलेली आहेत. मग परदेशी मदतीचा काही उपयोग होतो का? प्रश्न विचारणाऱ्या ताईंना अशाच कामासाठी दक्षिण सुदानला जायची संधी आली आहे, म्हणून त्या विचारताहेत.

ताई, उपयोग होतो. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. वाया गेलेली मदतही पाहिली आहे, आणि त्यातली काही माझ्याच सहीने खर्च झालेली आहे. मी पाणीपुरवठ्यातला अभियंता. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या पुनर्वसित गावांच्या नळयोजनांवर काम केलं, पुढे तिमोरमध्ये दोन टप्प्यांत मिळून सहा वर्षं काढली. त्यामुळे उत्तर पाण्याच्या अंगाने देतो, ते समजून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिमोर बेटाचा पूर्व भाग पोर्तुगिजांकडे होता. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालायचा, ही गोष्ट आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नसते. १९७५ मध्ये पोर्तुगीज निघायच्या बेतात असताना तिथल्या पक्षांमध्येच यादवी झाली, आणि वर्ष संपायच्या आत इंडोनेशियाचं सैन्य शिरलं. पुढच्या २४ वर्षांत लढाई, भूक आणि आजार मिळून किमान एक लाख माणसं गेली, असं तिथल्या सत्यशोधन आयोगाने नोंदवलं आहे. ३० ऑगस्ट १९९९ रोजी सार्वमत झालं. ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्याचा सूड म्हणून सैन्य आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी जाता जाता देश जाळला. सुमारे ७० टक्के इमारती आणि सोयी बेचिराख झाल्या. माध्यमिक शाळांचे बहुतेक शिक्षक इंडोनेशियन होते, ते निघून गेले. अख्ख्या देशात पंचवीस-तीस डॉक्टर उरले.

अशा जागी मदत पोचली नसती तर माणसं मेली असती. पहिल्या वर्षीचं धान्य, तंबू, औषधं, बियाणं यांबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. अडचण सुरू होते दुसऱ्या वर्षापासून, जेव्हा जीव वाचवायचं काम मागे पडतं आणि देश उभा करायचं काम पुढे येतं.

संयुक्त राष्ट्रांचं संक्रमणकालीन प्रशासन तिथे ऑक्टोबर १९९९ ते मे २००२ पर्यंत होतं. सेर्जिओ व्हिएरा द मेलो त्याचे प्रमुख. एका अर्थाने तेच सरकार. कायदे तेच करायचे, कर तेच लावायचे. या प्रशासनाचा स्वतःचा वर्षाचा खर्च ५० कोटी डॉलरच्या वर होता, आणि ज्या देशासाठी हे सगळं चाललं होतं त्याचं वार्षिक अंदाजपत्रक ६ कोटींच्या आसपास. दिली या राजधानीच्या शहराच्या किनाऱ्याला एक तरंगतं हॉटेल आणून उभं केलं होतं, त्यात परदेशी कर्मचारी राहायचे. रात्री त्या हॉटेलचे दिवे लागायचे, आणि समोरच्या वस्तीत वीज नसायची. किनाऱ्यावर बसलेली तरुण मुलं ते पाहायची.

लाओ हामुतुक, म्हणजे 'एकत्र चालणं', या नावाची तिथली एक अभ्यासू संस्था २००० पासून मदतीच्या पैशावर नजर ठेवून आहे. तिने २००९ मध्ये हिशेब मांडला. १९९९ पासून दात्यांनी तिमोरच्या नावाने सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च केले, त्यात शांतिसेनेचा आणि परदेशी सैन्याचा खर्चही आला. यातला प्रत्यक्ष तिमोरच्या अर्थव्यवस्थेत उतरलेला वाटा साधारण एक दशांश. ही चोरी नव्हती, हे नीट लक्षात घ्या. सल्लागाराचा पगार त्याच्या देशातल्या बँकेत जमा होतो. विमानाचं तिकीट परदेशी कंपनीचं, गाडी बाहेरची, विमा बाहेरचा, सिमेंट बोटीने येणार, अहवाल छापणारा छापखानाही दुसऱ्या देशात. सगळं नियमात, सगळ्याच्या पावत्या. फक्त तो पैसा दिलीच्या बाजारातल्या भाजीवालीपर्यंत येत नाही. ताई, त्यामुळे 'इतके अब्ज दिले' हे वाक्य ऐकलं की ते कोणाच्या हातातून खर्च झाले, हे आधी विचारायचं.

आता माझ्या कामातली एक योजना सांगतो.

एर्मेरा हा कॉफीचा डोंगराळ जिल्हा. उंच सावलीच्या झाडांखाली कॉफी, मधूनमधून वाड्या, आणि वरच्या अंगाला झरे. आपल्याकडे जसं गुरुत्व योजनेत वरचा उद्भव, म्हणजे झऱ्याचं मूळ, बांधून घेतात, खाली टाकी आणि मग वाड्यांना नळकोंडाळी, तसंच तिथेही. पंप नाही, वीज नाही, पाणी आपलं आपण उतरतं. मी ज्या संस्थेकडून पहिल्यांदा गेलो तिला आर्थिक वर्ष संपायच्या आत योजना पूर्ण करून दाखवायची होती. आम्ही ती पंधरा आठवड्यांत केली. उद्घाटनाला दात्या देशाचा अधिकारी आला, फलकावर तीन बोधचिन्हं आली, मुलांनी नळाखाली उड्या मारल्या. मोजमाप पुस्तिका पूर्ण, बिलं पूर्ण.

काही वर्षांनी दुसऱ्या कामावर परत गेलो तेव्हा तो फलक शाबूत होता आणि नळ कोरडे होते. वर चढून गेलो. उद्भवापाशी पाईप कोयत्याने कापलेला. टाकीवरचा व्हॉल्व्ह गंजून जागीच बसलेला. आम्ही आणलेले जोड परदेशातले होते, जवळच्या बाजारात मिळणाऱ्या इंडोनेशियन पाईपला ते बसत नव्हते, म्हणून कोणी बदललेही नव्हते. खालच्या वाडीतल्या बाया पुन्हा पहाटे डोक्यावर बालदी घेऊन झऱ्यावर जात होत्या.

पाईप का कापला, ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं. तो झरा एका घराण्याचा. कागदोपत्री नाही, पण सगळ्या गावाला ते माहीत. झऱ्याजवळ त्यांचं पूर्वजांचं स्थान आहे, तिथून पाणी न्यायचं तर त्या घराण्याची परवानगी, एक विधी आणि गावजेवण लागतं. आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. आमच्या तक्त्यात 'उद्भवाचा विसर्ग', म्हणजे झऱ्याला पाणी किती, हा रकाना होता, 'उद्भवाचा मालक' हा नव्हता. आणि मी तर मराठवाड्यात पाण्यावरून भावाभावांची डोकी फुटलेली पाहून तिथे गेलो होतो. मला हे सुचायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, चावीची. आपल्या गावात चावीवाला असतो. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं हे त्याच्या हातात. पाणी आलं नाही की बाया त्याच्या दारात जातात. पाणीपट्टी थकली तर सरपंच त्याचा पगार थकवतो आणि तो व्हॉल्व्ह फिरवत नाही. तक्रार कुठे करायची, कोणाला धारेवर धरायचं, हे माहीत असणं म्हणजेच व्यवस्था. त्या योजनेत चावी होती, पण ती आमच्या दिलीच्या भांडारात, अवजारांच्या पेटीत राहिली. तिमोरच्या तेतुम भाषेतही चावीला 'शावी'च म्हणतात. बालदी, साबण, पाव हे शब्दही आपल्यासारखेच, कारण दोघांनीही ते पोर्तुगिजांकडून घेतले. त्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, शावी कुठे आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे पाण्याचं झालं. पण देश उभारण्याच्या मोठ्या कामातही नेमकं हेच घडलं, असं माझं मत आहे. २००० मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने गावोगाव परिषदा निवडल्या गेल्या, प्रत्येक वाडीतून एक बाई आणि एक पुरुष. कल्पना सुंदर. बायांना पहिल्यांदाच चर्चेत जागा मिळाली, ती पुढे टिकलीही. पण गावच्या पारंपरिक प्रमुखांना या परिषदांतून बाहेर ठेवलं होतं. अनुदान असेपर्यंत परिषद चालली. अनुदान संपलं आणि गाव पुन्हा त्याच प्रमुखाच्या अंगणात बसू लागलं.

भाषेचंही तसंच. कायदे पोर्तुगीजमध्ये, सल्लागारांचे अहवाल इंग्रजीत, खात्यातल्या कारकुनाचं शिक्षण इंडोनेशियन भाषेतून आणि गावात तेतुम, मांबाई किंवा माकासाए. मी अशा बैठकीत बसलो आहे जिथे पाणी खात्याचा तिमोरी अधिकारी दोन तास एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर त्याने मला सांगितलं की आराखड्यातला रस्ता पावसाळ्यात चार महिने बंद असतो. हे आत का सांगितलं नाही? कारण आत इंग्रजी चालू होती.

आता २००६. मार्च महिन्यात सरकारने सुमारे दीड हजारांच्या सैन्यातल्या ५९४ जणांना बडतर्फ केलं. पश्चिमेकडच्यांना सैन्यात दुजाभावाची वागणूक मिळते, ही त्यांची तक्रार होती. एप्रिल-मेमध्ये सैन्य आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, मग मोहल्ले पेटले, पूर्वेचा कोण आणि पश्चिमेचा कोण हे विचारून घरं जाळली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने ३८ मृत्यू नोंदवले. सुमारे दीड लाख माणसं घर सोडून छावण्यांत गेली.

याचं खापर मदतीवर फोडणं चूक ठरेल. तिथल्या राजकारण्यांची भांडणं जुनी होती, जंगलातल्या लढाईपासूनची. पण मदतीने काय केलं तेही बघायला हवं. सैन्य आणि पोलीस ही दोन्ही दलं परदेशी देखरेखीखाली उभी राहिली. सैन्यात जुने गनिमी लढवय्ये, पोलिसांत इंडोनेशियाच्या काळातलेही काही अधिकारी. दोघांना प्रशिक्षण दिलं, गणवेश दिले, बंदुका दिल्या, मधला संशय कोणी हाताळला नाही. दुसरं, २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मोठा ताफा निघाला तसा दिलीतला पैसाही आटला. चालक, दुभाषे, पहारेकरी, खानावळवाल्या, सगळ्यांचं काम गेलं. अर्थव्यवस्था आक्रसली. शहरात हजारो तरुण मुलं रिकामी. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, १९९९ मध्ये लोक मिळेल त्या घरात शिरले होते, त्या घरांचा आणि जमिनींचा हक्क कोणाचा हा निकाल कोणी लावलाच नाही. प्रश्न नाजूक होता, पुढे ढकलला गेला. सात वर्षांनी कोणतं घर जाळायचं हे ठरवताना तो वर आला.

त्यानंतर काय झालं हे मात्र फार कमी सांगितलं जातं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. डिसेंबर २००७ मध्ये सरकारने 'हामुतुक हारी फुतुरु', म्हणजे मिळून भविष्य उभारू, ही योजना आणली. घर पूर्ण जळालेल्या कुटुंबाला ४,५०० डॉलरपर्यंत रोख. पैसा मुख्यतः सरकारचा स्वतःचा. रोख देऊ नका, लोक उधळतील, खोटे दावे येतील, अशी काळजी त्या वेळी बरीच ऐकली. खोटे दावे आलेही, जमिनीचे वाद पूर्ण मिटले असंही नाही. पण २००९ पर्यंत छावण्या जवळपास सगळ्या रिकाम्या झाल्या. परदेशी संस्थांनी इथे जे केलं ते त्यांनी करण्यासारखंच होतं. जुन्या शेजाऱ्यांमध्ये बैठका घडवून आणायला मध्यस्थ तयार करणं, परतलेल्यांवर लक्ष ठेवणं, नोंदी. बांधकाम लोकांनी केलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख तेव्हा भारतीय होते, अतुल खरे. त्याआधी २००२ ते २००४ मध्ये कमलेश शर्मा होते, तेही भारतीय.

मला यात किल्लारी आठवलं. १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली, सरळ रेषेत रस्ते, मोठे प्लॉट. घरं पक्की झाली, पण भावकीचा वाडा तुटला, शेजार विखुरला, पाईपलाईन लांबली आणि देखभाल महागली. उरलेल्या अनेक गावांत लोकांना टप्प्याटप्प्याने पैसे आणि साहित्य देऊन स्वतःची घरं स्वतः दुरुस्त करायला लावली. पैसा दोन्हीकडे बराचसा जागतिक बँकेच्या कर्जातला. वर्षांनंतर गेलो तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या गावांत लोक 'माझं घर' म्हणत होते. पहिल्या प्रकारच्या गावांत 'सरकारने दिलेलं घर' हा शब्द अजून होता.

तिमोरमध्ये मदतीने खरंच काय साधलं, तर माझ्या मते पहिलं नाव आरोग्याचं. २००० च्या सुरुवातीलाच तिमोरी डॉक्टर-परिचारिकांचा समावेश असलेलं एक हंगामी आरोग्य प्राधिकरण उभं केलं. प्रत्येक जिल्ह्यात एकाच संस्थेने पुढाकार घ्यायचा, आराखडा प्राधिकरणाला दाखवायचा, आणि ठरलेल्या तारखेला दवाखाने सरकारच्या ताब्यात द्यायचे. २००१ च्या अखेरीस ते दिलेही. औषधांचं एक मध्यवर्ती भांडार झालं. दात्यांनी वेगवेगळे प्रकल्प लावण्याऐवजी बराचसा पैसा एका सामायिक निधीतून दिला. क्युबाने वेगळाच मार्ग धरला: २००३ नंतर शेकडो डॉक्टर पाठवले, ते डोंगरातल्या गावांत राहिले, आणि तिमोरी मुलामुलींना वैद्यकीय शिक्षणासाठी क्युबात नेलं. तीस डॉक्टरांच्या देशात आज हजाराच्या घरात डॉक्टर आहेत. त्यांच्या शिक्षणाच्या दर्जावर बोलायला जागा आहे, पण ते तिथे आहेत, गावात आहेत, आणि त्यांचा पगार तिमोरचं सरकार देतं. पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर २००९-१० च्या पाहणीत हजारी ६४ होता, २०१६ च्या पाहणीत ४१. २००६ मध्ये मलेरियाचे दोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला. मच्छरदाण्यांचा पैसा बराचसा बाहेरचा होता. त्या घरोघर नेणारे आणि रक्ताचे नमुने तपासणारे तिमोरी होते.

दुसरं उदाहरण तेलाचं. २००५ मध्ये तिमोरने पेट्रोलियम निधी कायद्याने उभा केला. समुद्रातल्या तेल-वायूचा सगळा महसूल त्यात, आणि संसदेच्या मंजुरीशिवाय एक डॉलर बाहेर नाही. नॉर्वेने यासाठी मोजके जाणकार दिले. खर्चाच्या मानाने ही मदत इतकी लहान की एखाद्या रस्त्याच्या कामात हरवून जावी, पण तिच्यामुळे देशाकडे अब्जावधी डॉलरची शिल्लक राहिली आणि अनुदानासाठी हात पसरायची वेळ कमी आली. पुढे सरकारं त्यातून टिकाऊ मर्यादेपेक्षा जास्त उचल करत गेली, आणि ज्या बायू-उंदान क्षेत्रावर हे सगळं चाललं ते २०२५ मध्ये आटलं, ही खरी चिंता आहे. पण ती चिंता त्यांच्या संसदेत चर्चिली जाते.

आणि पोषण? तिथे मदत, सरकार, आम्ही सगळेच कमी पडलो. मक्याचा आणि भाताचा हंगाम संपल्यावरचे भुकेचे महिने, अस्वच्छ पाण्यामुळे मुलांना वरचेवर होणारी हगवण, आईचं स्वतःचं अपुरं खाणं, हे सगळं एका खात्यात मावत नाही. म्हणून ते कोणाच्याच यादीत वर आलं नाही.

आता तुमच्या जाण्याबद्दल. दक्षिण सुदान तिमोरपेक्षा कितीतरी अवघड आहे. २०११ मध्ये स्वातंत्र्य, डिसेंबर २०१३ मध्ये यादवी, २०१८ चा करार आणि त्यानंतरही न थांबलेल्या चकमकी. 'सरकारच्या हातात पैसा द्या' हा माझा तिमोरचा धडा तिथे जसाच्या तसा लावू नका. जिथे सरकारी तिजोरीतून बंदुका विकत घेतल्या जातात तिथे दात्यांनी तिजोरी टाळली तर त्यांना मी दोष देणार नाही. पण तिजोरी टाळणं वेगळं आणि माणसं टाळणं वेगळं. तिथेही पायाम आणि बोमा, म्हणजे जिल्ह्याखालच्या स्थानिक कारभाराच्या पातळीवर कोणीतरी बसलेलं असतं. चर्च असतं, गुरांच्या भांडणात निवाडा करणारे वडीलधारे असतात, हातपंप दुरुस्त करणारा एखादा मिस्त्री असतो. त्यांना शोधा. तुमची संस्था जास्त पगार देऊन सरकारी दवाखान्यातली परिचारिका आपल्याकडे ओढत असेल तर भांडा. तिमोरमध्ये मी शाळामास्तरांना परदेशी गाड्या चालवताना पाहिलं आहे, कारण चालकाचा पगार मास्तरच्या कितीतरी पट होता. आणि प्रकल्पाच्या कागदात हे तपासा: तिसऱ्या वर्षी मिस्त्रीचा पगार कोणी द्यायचा, सुटे भाग कोणत्या बाजारात मिळतात, आणि बैठकीचं टिपण कोणत्या भाषेत लिहिलं जातं. यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर सही करायच्या आधी थांबा, संस्था कितीही घाई करो.

एर्मेराची ती योजना आम्ही दुसऱ्या टप्प्यात पुन्हा हाती घेतली. पाईपला हात लावायच्या आधी तीन आठवडे बैठका झाल्या, तेतुममध्ये. गावातले वचन जपणारे वडील, ज्यांना लिया-नाइन म्हणतात, ते बसले. झऱ्याच्या घराण्याने विधी केला, गावजेवण झालं. वरच्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही यासाठी तारा बांदू घातला. म्हणजे पानं बांधून खांब उभा केला आणि मोडणाऱ्याला दंड काय तो सगळ्यांसमोर ठरवला. जोड जवळच्या बाजारातले. पाणी गट निवडला, चावी त्यातल्या एका बाईकडे दिली.

२०१२ पासून तिथल्या सरकारने राष्ट्रीय सुकू विकास कार्यक्रम सुरू केला. सुकू म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. तेव्हाच्या सगळ्या ४४२ सुकूंच्या बँक खात्यांत वर्षाला सरासरी ५० हजार डॉलर जायचे असं ठरलं, काम गावाने निवडायचं आणि गावानेच करायचं. पैसा तिमोरचा, ऑस्ट्रेलियाने मुख्यतः तिमोरी तंत्रज्ञ आणि कार्यकर्ते घडवायला मदत केली.

गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला फोटो पाठवला. दरड कोसळून टाकीखालचा पाईप वाहून गेला होता आणि नवा बसवलेला दिसत होता. मी विचारलं, पैसे कोणत्या संस्थेकडून आले? त्याने कळवलं, सुकूच्या खात्यातून. आणि ती चावीवाली आता तिच्या मुलीला व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते शिकवते आहे.